ज्वारीचा पत्ता आणि ज्वारीचा हंगाम

पीएच.डी.ची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "पेपर वाचायचा म्हणजे नेमकं काय करायचं?" या वेळी एका चांगल्या पेपरवर टीका करूनच सांगतो. मुद्दाम चांगला निवडलाय. वाईट पेपरमधल्या चुका काढून हाती फारसं काही लागत नाही.

पेपर २०१५ चा, 'सायन्स ॲडव्हान्सेस'मधला. पहिले लेखक जेसी लास्की. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटचे हरी उपाध्याय आणि संतोष देशपांडेही लेखकांत आहेत. त्यांनी ज्वारीच्या १,९४३ स्थानिक वाणांमधल्या चार लाखांहून अधिक एसएनपी तपासल्या. एसएनपी म्हणजे डीएनएमधली अशी जागा, जिथे एका वाणात एक अक्षर असतं आणि दुसऱ्यात दुसरं. प्रत्येक वाण जिथून गोळा केला, तिथल्या हवामानाशी आणि मातीशी या अक्षरांचा संबंध लावला. कल्पना सोपी आहे. कोरड्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या ज्वारीत ठरावीक अक्षरं वारंवार दिसली, तर तिथल्या दुष्काळानेच ती निवडली असावीत.

इथपर्यंतचं काम इतरांनीही केलं असतं. यांचं मोठेपण पुढच्या पायरीत आहे. पर्यावरणाशी जुळलेल्या एसएनपींवरून त्यांनी भाकीत केलं, की पाण्याचा ताण आणि ॲल्युमिनियमची विषबाधा यांत कोणता वाण कसा वागेल. आणि प्रयोगांतल्या आकड्यांशी ते पडताळलं. नुसत्या सहसंबंधावर थांबणारे पेपर ढिगाने वाचाल, म्हणून ही पायरी लक्षात ठेवा. (ॲल्युमिनियमचा त्रास आम्लधर्मी जमिनीत होतो. आपल्या काळ्या जमिनी बहुतेक विम्लधर्मी, त्यामुळे पेपरचा तो भाग आपल्यासाठी जरा परका आहे.)

आता हाच पेपर नगर जिल्ह्यात बसून वाचा. जामखेड, कर्जत, पाथर्डीकडची ज्वारी प्रामुख्याने रब्बीची. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरणी, म्हणजे पाऊस परतायच्या बेतात असताना. त्यानंतर पीक वाढतं ते जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर. थंडीत फुलोरा येतो आणि दाणे भरेपर्यंत ओल तळाला गेलेली असते. त्याच वेळी खडखड्या येऊन ताटं लोळतात. खरिपाच्या ज्वारीची गोष्ट अगदी उलटी: भर पावसात वाढायचं आणि दाण्यावर बुरशी येऊ नये म्हणून झगडायचं. एकाच तालुक्यातून गोळा केलेल्या या दोन वाणांचे अक्षांश-रेखांश जवळपास सारखेच असतील. नकाशा दोघांनाही तोच पाऊस, तेच तापमान देईल. पण त्यांच्यावर झालेली निवड वेगळी आहे.

माझा पहिला आक्षेप हा. या पद्धतीत वाणाचा पत्ता कळतो, हंगाम आपोआप कळत नाही. आफ्रिकेच्या मोठ्या भागात पावसाळा हाच ज्वारीचा हंगाम, तिथे हे फारसं खटकत नाही. दख्खनमध्ये खटकतं.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो: मातीची खोली. पाऊस संपल्यावर वाढणाऱ्या पिकाला खरं 'पर्जन्यमान' जमीन देते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने वाणांच्या शिफारशीच खोलीनुसार केल्यात: हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. माळावरची हलकी जमीन आणि ओढ्याकाठची भारी जमीन यांत कधी कधी दोन बांधांचंच अंतर असतं. या कामात वापरले जाणारे जागतिक नकाशे मात्र बहुधा एक किलोमीटर किंवा त्याहून मोठ्या चौकोनांचे. शेतकऱ्याने ज्या फरकावर बियाणं वेगळं ठेवलं, तो फरक एकाच चौकोनात बुजून जातो. उद्या एखाद्या पैदासकाराने अशा भाकितावरून 'दुष्काळाचे' वाण निवडले आणि ते भारी जमिनीत तगणारे निघाले, तर माळावरच्या शेतकऱ्याचं दाण्याबरोबर कडब्याचंही वर्ष जाईल.

तिसरा मुद्दा या एका पेपरचा नाही, सगळ्या पद्धतीचा आहे. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. शेजारचे वाण एकमेकांचे नातेवाईक असतात आणि शेजारचं हवामानही सारखंच असतं. मग अक्षर हवामानामुळे आलं की आजोबांकडून? खोटे संबंध टाळायला विश्लेषणात नातेसंबंधाचा परिणाम वजा करतात. ते योग्यच आहे. पण आपल्या रब्बी ज्वारीचा मोठा भाग 'दुर्रा' या एकाच गटातला. नातं आणि कोरडं हवामान हातात हात घालून चालत असेल, तर नातं वजा करताना खरं अनुकूलनही वजा होतं. म्हणजे यादीत जनुक दिसलं नाही, एवढ्यावरून त्याचा वाटा नाही असं म्हणता येत नाही.

एवढं बोलूनही हा पेपर मी पहिल्या पाचांत ठेवीन, कारण माझे पहिले दोन्ही आक्षेप तपासता येतात. १९३० च्या दशकात मोहोळला स्थानिक मालदांडीतून निवडलेली एम ३५-१ तुलनेला घ्या. सोबत दख्खनचे पन्नासेक रब्बी वाण एकाच वर्षी हलक्या आणि भारी जमिनीत पेरा, सिंचन न देता. मग पेपरच्या एसएनपींवरून काढलेला क्रम शेतातल्या क्रमाशी कुठल्या जमिनीत जुळतो ते पाहा. भारीत जुळला आणि हलक्यात नाही, तर खोलीचा आक्षेप खरा. दोन्हीकडे जुळला, तर लास्की बरोबर आणि मी उगाच ताणलं.