दुर्गाला न दिसलेली आगगाडी

विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’ या कादंबरीत दुर्गाला आगगाडी कधीच दिसत नाही. सत्यजित राय यांच्या चित्रपटात ती काशफुलांच्या माळापर्यंत पोचते, धावते आणि नेमकी गाडी आली की अडखळून मागे राहते. कोलकाता आणि घाटशिला इथे काढलेल्या महिन्यात मी बरंच वाचलं, बरेच चित्रपट पाहिले, पण मन परत परत या एका फरकापाशी येऊन थांबत राहिलं.

कॉलेज स्ट्रीटच्या फुटपाथवरच्या टपऱ्यांमध्ये पुस्तक शोधावं लागत नाही, मागावं लागतं. नाव सांगितलं की विक्रेता पाठ्यपुस्तकांच्या आणि प्रश्नसंचांच्या थप्पीतून हवा तो ग्रंथ ओढून काढतो, नसेल तर शेजारच्या टपरीतून आणून देतो. १८८६ पासून चाललेलं दासगुप्ता आणि कंपनीचं दुकान त्याच रस्त्यावर आहे. लघुनियतकालिकांसाठी पातिरामच्या स्टॉलवर जायचं. पुस्तकं घेतली की कॉफी हाउसमध्ये काळं ‘इन्फ्युजन’ मागवून ती चाळायची, तिथे कुणी उठवायला येत नाही. ‘पथेर पांचाली’ची जुनी प्रत मला याच रस्त्यावर मिळाली. बोलण्यातली बंगाली थोडीफार कळत असली तरी या कादंबरीचं निवेदन साधू भाषेतलं, लांब क्रियापदांचं, म्हणून सोबत टी. डब्ल्यू. क्लार्क आणि तारापद मुखर्जी यांचा १९६८चा इंग्रजी अनुवाद ठेवला. वाचन फार सावकाश झालं. त्या सावकाशीचा या पुस्तकाला फायदाच होतो, कारण त्यात घटना थोड्या आणि पाहणं फार आहे. एखादं रानफळ, एखादी वेल, पावसाआधीचा काळोख यांवर विभूतिभूषण पानंच्या पानं रेंगाळतात.

‘विचित्रा’ मासिकात १९२८ मध्ये ही कादंबरी क्रमशः येऊ लागली आणि १९२९ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. पहिल्या मसुद्यात दुर्गा नव्हतीच, अशी हकीकत सांगितली जाते. भागलपूरला विभूतिभूषणांनी केस विस्कटलेली एक मुलगी पाहिली आणि लिहिलेलं बाजूला सारून तिच्यासाठी सगळं नव्याने मांडलं. पुस्तक वाचताना ते सहज पटतं. निश्चिंदीपूरची आंब्याची बाग, बांबूचं बन, चिंचा, करवंदं हे सारं धाकट्या भावाला, अपूला, दाखवते ती दुर्गाच. अपूजवळ कल्पना आहे, दुर्गाजवळ जागा आहेत.

राय या पुस्तकाकडे आले ते चित्रकार म्हणून. सिग्नेट प्रेसने मुलांसाठी काढलेल्या संक्षिप्त आवृत्तीची, ‘आम आँटिर भेंपू’ची, चित्रं त्यांनी काढली होती. पुढे १९५० मध्ये ते नोकरीला असलेल्या जाहिरात कंपनीने त्यांना काही महिने लंडनला पाठवलं. तिथे त्यांनी शंभराच्या आसपास चित्रपट पाहिले, त्यात डी सिकाचा ‘बायसिकल थीव्हज’ होता, आणि परतीच्या बोटीवर ‘पथेर पांचाली’चा आराखडा लिहायला घेतला. प्रवासात पाहिलेले चित्रपट एखाद्याला आपल्याच गावाकडे असे परत पाठवू शकतात, याचं याहून मोठं उदाहरण मला ठाऊक नाही.

आता त्या आगगाडीकडे येऊ. कादंबरीत हरवलेलं वासरू शोधता शोधता भावंडं दूरवर जातात, रेल्वे पाहायची म्हणून पळत सुटतात, दलदलीत वाट चुकतात आणि काही न पाहता घरी येतात. नंतर अपू वडिलांबरोबर जातो तेव्हा त्याला रूळ दिसतात, पण गाडीला वेळ असतो आणि हरिहर थांबायला तयार नसतो. आजारात दुर्गा भावाला सांगते की बरी झाले की मला गाडी दाखव. ती बरी होत नाही. अपू पहिल्यांदा गाडीत बसतो तो गाव सोडताना, आणि गाव मागे पडताना त्याला वाटतं, दीदी तिथेच उभी राहून आपल्याकडे पाहते आहे. गाडी विभूतिभूषणांनी अशी गाव सुटेपर्यंत राखून ठेवली आहे.

चित्रपटाला एवढं राखून ठेवणं परवडत नाही. जे कधी दिसलंच नाही त्याची हुरहुर पडद्यावर उभी करणं कठीण. म्हणून राय गाडी मध्यावर आणतात. तारांचा खांब, त्याला लावलेला कान, ऊस चावणारी दुर्गा, मग पांढऱ्या काशफुलांमागून चढत येणारा काळा धूर. पण कॅमेरा क्षणात रुळांच्या पलीकडे जातो. धडधडणाऱ्या चाकांच्या फटींतून पलीकडचा अपू दिसतो आणि दुर्गा मागे राहते. गाडी पडद्यावर आली खरी, पण ज्या मुलीने तिथवर नेलं तिच्या वाट्याला ती आली नाही. दिग्दर्शक कादंबरीपासून दूर गेला आणि तरीही तिच्या अर्थापाशीच पोचला.

याच माळावरच्या पहिल्या चित्रीकरणानंतर गुरांनी काशफुलं खाऊन टाकली आणि उरलेलं दृश्य पुढच्या मोसमात घ्यावं लागलं. पैसे संपत, काम थांबे. अखेर पश्चिम बंगाल सरकारने रस्तेसुधारणेच्या खात्यातून पैसा दिला. चित्रपट १९५५ मध्ये आला.

दुसरा बदल इंदिर ठाकरुणचा. कादंबरीत ही म्हातारी पहिल्याच भागात, अपू तान्हा असताना, परक्याच्या दारी मरते. राय तिला पुढे आणतात आणि गाडी पाहून परतणाऱ्या मुलांना ती बांबूच्या बनात बसलेली सापडते. दुर्गा हलवते तर म्हातारी कोसळते, तिचा लोटा घरंगळत पाण्यात जातो. नव्या युगाचा आवाज ऐकून आलेल्या मुलांसमोर जुनं युग असं पडतं. चुनीबाला देवींनी ते मरण ज्या साधेपणाने केलं आहे, त्यापुढे नमस्कार करावासा वाटतो.

मला सगळ्यात थोर वाटतो तो तिसरा बदल. दुर्गा गेल्यावर, घर आवरताना, अपूच्या हाती तिने चोरलेली वस्तू लागते. चोरीचा आळ आला तेव्हा तिने नाकारलेली. पुस्तकात ती सोन्याची कुंकवाची डबी आहे, आणि अपू ती बांबूच्या बनात भिरकावतो. कुणाला सांगत नाही, आईलाही नाही. चित्रपटात गळ्यातली माळ आहे, करवंटीत लपवलेली, आणि अपू ती शेवाळाने झाकलेल्या तळ्यात फेकतो. शेवाळ फाटतं, काळं पाणी दिसतं, आणि मग ती फट हळूहळू मिटते. बांबूच्या बनात पडलेली डबी कधीतरी कुणाला सापडू शकते, तळं मात्र आपल्या डोळ्यांदेखत गुपित मिटवून घेतं. बहिणीची अब्रू राखण्याचं काम अपू जिथे करतो तिथे तो मोठा होतो, आणि एक शब्दही न बोलता होतो. सुब्रत मित्र यांचा कॅमेरा तिथे घाई करत नाही.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये प्रा. सतीश बहादूर हा चित्रपट वर्षानुवर्षं चौकट-चौकट उलगडून शिकवत. अशा बारकाव्याने पाहण्याचा वारसा आपल्याकडेही आहे. मूळ निगेटिव्ह १९९३ च्या लंडनमधल्या आगीत होरपळली, तरी त्यातून आणि इतर प्रतींतून सावरलेली आवृत्ती २०१५ मध्ये आली. दुर्गाच्या आईचं, सर्वजयाचं, रडणं ऐकूच येत नाही आणि त्या जागी तारशहनाईचे उंच सूर फुटतात, ते या आवृत्तीत लख्ख ऐकू येतं.

घाटशिलेला विभूतिभूषणांनी शेवटचे दिवस काढले, १९५० मध्ये ते तिथेच गेले. तिथे मी त्यांचं ‘आरण्यक’ वाचलं. ज्या जंगलावर जीव जडला तेच जंगल आपल्या हातांनी कुळांना वाटून देणाऱ्या माणसाची ती गोष्ट, तिच्यासाठी वेगळा लेख हवा.

‘पथेर पांचाली’ची एक बाजू मात्र चित्रपटामुळे झाकली गेली आहे. कादंबरी गाव सोडण्यापाशी संपत नाही. ‘अक्रूर संवाद’ हा तिचा तिसरा भाग काशीत घडतो. क्लार्क-मुखर्जींचा अनुवादही चित्रपटासारखा गावाच्या वेशीवरच थांबतो, आणि हे मला नुकसान वाटतं. राय यांनी काशीचा हा भाग ‘अपराजितो’त घेतला. पण श्रीमंतांच्या घरी आई स्वयंपाक करते तेव्हा तिथली एक लहान मुलगी, लीला, अपूला बरोबरीचा मानते. लीलाच्या भूमिकेसाठी योग्य मुलगी न मिळाल्याने राय यांनी ती वगळली. दुर्गानंतर अपूला मनापासून जवळ करणारी ही पहिली मुलगी, आणि तिला भेटायला आजही कादंबरीकडेच जावं लागतं.