दयाळाचा वंशवृक्ष: फांद्या बघण्याआधी नमुने बघा

शोधनिबंध हातात आला की आपण काय करतो? आधी सारांश, मग थेट वंशवृक्षाची आकृती. कोणती फांदी कुठे फुटली ते बघितलं की निबंध वाचून झाला, असं वाटतं. आज उलट्या क्रमाने वाचू. त्यासाठी मुद्दाम चांगला निबंध निवडलाय. वाईट निबंधावर टीका करायला फार काही शिकावं लागत नाही.

पक्षी तुमच्या ओळखीचा आहे: दयाळ, कॉप्सिकस सॉलॅरिस. नर काळाभोर, पोट पांढरं, पंखावर पांढरा पट्टा, शेपटीच्या कडा पांढऱ्या. मादीत काळ्याच्या जागी राखाडी. उन्हाळ्यात पहाटे अँटेनावर बसून गातो तोच. पूर्व पाकिस्तानपासून भारत, श्रीलंका, बांगलादेश, दक्षिण चीन, इंडोनेशियापर्यंत पसरलेला. पूर्वी त्याला कस्तुरांच्या कुळात धरायचे, आता माशीमारांच्या कुळात धरतात. आपला चिरकही आता बहुतेक याद्यांमध्ये कॉप्सिकसमध्येच आलाय.

निबंध आहे फ्रेडरिक शेल्डन आणि सहकाऱ्यांचा, २००९ सालचा, 'जर्नल ऑफ बायोजिऑग्राफी'मधला. त्यांचा प्रश्न भन्नाट आहे. दयाळाचे दोन जवळचे नातेवाईक थेट मादागास्कर आणि सेशेल्सला राहतात. मध्ये अख्खा हिंदी महासागर. मग हे कुळ पसरलं कसं? आणि एका नावाखाली आपण जे पक्षी धरतो, ते खरंच एक आहेत का?

आधी निबंधाचं श्रेय देऊ. फिलिपिन्सचा दयाळ दिसायला साधारण आपल्यासारखाच, पांढऱ्या पोटाचा. फरक मुख्यतः शेपटीत, ती पूर्ण काळी. उलट बोर्नियोच्या पूर्वेकडचे दयाळ काळ्या पोटाचे, एकदम वेगळे दिसणारे. डोळ्यांवर विश्वास ठेवला तर वेगळी प्रजाती कोणाची म्हणाल? बोर्नियोची. पण डीएनए सांगतो की फिलिपिन्सचे पक्षी खूप आधीच वेगळे झालेत. बाकीच्या आशियाई दयाळांना त्यांच्यापेक्षा मादागास्करचा पक्षी जवळचा आहे. आणि बोर्नियोत काळ्या आणि पांढऱ्या पोटाचे पक्षी जिथे भेटतात, तिथे त्यांची सरमिसळ होते. म्हणजे पोटाचा रंग हे वर्गीकरणाचं फसवं लक्षण निघालं. फिलिपिन्सच्या दयाळाला वेगळी प्रजाती मानणं आता सर्वमान्य आहे. हा दावा पक्का आहे, त्याला माझी काहीच हरकत नाही.

आता पद्धतीचा भाग उघडा. अभ्यासक्षेत्राच्या वर्णनात मुख्य भूमीची सुरुवात नेपाळपासून होते, तिथून इंडोचायना आणि दक्षिण चीन. मग समुद्रातली बेटं. दख्खन, केरळ, श्रीलंका यांचं नाव नाही.

गंमत बघा. 'सॉलॅरिस' हे नाव मुळात दक्षिण भारतातून गेलंय. एडवर्ड बल्कली या शल्यविशारदाने मद्रासहून एक नर लंडनला जेम्स पेटिव्हरकडे पाठवला, सोबत 'सॉलरी' हे देशी नाव. पुढे १७५८ मध्ये लिनियसने सॉलॅरिस नाव दिलं. जर्डनला वाटलं की लिनियसला सूर्याशी संबंधित 'सोलॅरिस' लिहायचं होतं आणि लेखणी घसरली, कारण दयाळाचं इंग्रजीत 'डायल' झालं होतं आणि लोकांना त्यात सूर्यघड्याळ दिसत होतं. ब्लाइथने हा गोंधळ निस्तरला आणि सॉलरी म्हणजे शंभर गाण्यांचा, असा अर्थ सांगितला. थोडक्यात, नाव मद्रासच्या पक्ष्याचं आणि डीएनए नेपाळपासून पुढचा.

'मग काय झालं, मुख्य भूमीचे नमुने तर आहेत,' असं तुम्ही म्हणाल. फिलिपिन्सच्या दाव्यापुरतं तुमचं बरोबर आहे. पण महासागर ओलांडण्याच्या दाव्याचं काय? मादागास्करला पूर्वज कुठून गेला, हे विचारायचं तर आशियाच्या बाजूने तिथून सगळ्यात जवळचे दयाळ कोणते? दक्षिण भारत आणि श्रीलंकेचे. श्रीलंकेच्या दयाळाला तर स्वतःचं उपप्रजातीचं नाव आहे. नेमके हेच गैरहजर असतील, तर प्रवास झाला एवढं म्हणता येतं. निघाला कुठून, हे म्हणताना हात आखडावा लागतो. एकाच निबंधातल्या दोन दाव्यांना आधार सारखा नसतो, हे लक्षात ठेवा.

दुसरी हरकत डीएनएच्या प्रकारावर. विश्लेषण मायटोकॉन्ड्रियल डीएनएचं आहे, आणि तो फक्त आईकडून येतो. पक्ष्यांमध्ये लिंगगुणसूत्रं वेगवेगळी असतात ती मादीची, आणि संकरात वांझपणाचा फटका बहुधा अशाच लिंगाला आधी बसतो. परिणाम काय? संकरातले नर केंद्रकातली जनुकं सीमेपलीकडे नेत राहतात, पण मायटोकॉन्ड्रियल डीएनए अडून राहू शकतो. मग कागदावर सीमा ठळक दिसते आणि रानात ती पुसट असू शकते. बोर्नियोसारख्या ठिकाणी म्हणूनच केंद्रकातल्या डीएनएशिवाय शेवटचा शब्द बोलता येत नाही.

यात एवढं अडलंय काय? दयाळ 'सर्वत्र आढळणारा' म्हणून धोक्याच्या यादीत सगळ्यात खालच्या पायरीवर आहे. पण ही पायरी अख्ख्या प्रजातीला मिळते. आग्नेय आशियात गाण्यासाठी पिंजऱ्यात ठेवायला दयाळ मोठ्या प्रमाणात पकडले जातात. एखाद्या बेटावरची शाखा आतून वेगळी असेल आणि आपण तिला 'तोच तो दयाळ' म्हणत राहिलो, तर ती संपली तरी यादीत फरक पडणार नाही. बेटावरचा दयाळ किती झटकन संपू शकतो, ते सेशेल्सने दाखवलंय: १९६० च्या दशकात तिथले दयाळ फ्रिगेट या एकाच बेटावर जेमतेम डझन-पंधरा उरले होते. पुढे शेजारच्या बेटांवर नेऊन वसवले म्हणून वाचले. अंदमानच्या दयाळालाही उपप्रजातीचं नाव आहे. तो आतून किती वेगळा, हे नमुन्यांशिवाय कसं ठरणार?

तेव्हा वर्गीकरणाचा कुठलाही निबंध वाचताना वहीत तीन ओळी लिहा. नमुने कुठून आले आणि कुठून आले नाहीत? डीएनए कोणता, आणि तो कोणाची गोष्ट सांगतो, आईची की दोघांची? आणि प्रत्येक दाव्यासमोर: न घेतलेले नमुने उद्या आले, तर हा दावा हलेल का? फिलिपिन्ससमोर मी 'नाही' लिहिलं, महासागरासमोर 'कदाचित', बोर्नियोच्या सीमेसमोर 'हो'.

शेवटचं, विषय शोधणाऱ्यांसाठी. दुर्मीळ पक्ष्याच्या मागे सगळेच धावतात. सामान्य पक्ष्याच्या नकाशावर एकसलग रंग भरलेला असतो, म्हणून तिथे प्रश्नच नाही असं वाटतं. संग्रहालयांतल्या जुन्या कातड्यांच्या पायाच्या गादीतून आज डीएनए काढता येतो. त्यासाठी जिवंत पक्षी पकडावा लागत नाही, संग्रहालयाची परवानगी तेवढी लागते. प्रस्तावात 'हा पक्षी तर सगळीकडे आहे' अशी शंका कोणी काढली, तर शांतपणे विचारा: सगळीकडे आहे, मग वंशवृक्षात आपल्याकडचा का नाही?