‘नियमित बॅकअप घेतला जातो’ : एका वाक्याचं परीक्षण

सिनॉप्सिसमध्ये, प्रकल्पाच्या प्रस्तावात, कधी कधी प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणातही एक वाक्य हमखास सापडतं : ‘सर्व डेटा विभागाच्या क्लस्टर्ड फाइल सर्व्हरवर साठवला असून त्याचा नियमित बॅकअप घेतला जातो.’ मीही ते लिहिलं होतं. खरं सांगायचं तर एका सीनिअरच्या प्रस्तावातून जसंच्या तसं उचललं होतं. तुम्हीही लिहाल. म्हणून जर्नल क्लबमध्ये पेपर सोलतो तसं आज हे एक वाक्य सोलू या. माझं म्हणणं आधीच सांगते : हे वाक्य बहुतेक वेळा खोटं नसतं. पण वाचणाऱ्याला ज्याची हमी मिळाल्यासारखी वाटते, त्याची हमी ते देत नाही.

पहिला शब्द, ‘क्लस्टर्ड’. फाइल सर्व्हर म्हणजे सगळ्यांच्या फाइली एका जागी ठेवणारं यंत्र. आता ते बहुधा खरं यंत्र नसतंच. एका दणकट यंत्रावर सॉफ्टवेअरनं अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवलेली असतात आणि आपला सर्व्हर त्यातलाच एक असतो. तो बंद पडला तर काम अडायला नको म्हणून दोन व्हीएमची जोडी लावतात. प्रत्येकीला नोड म्हणतात. एक नोड पडला की दुसरा काम हातात घेतो, त्याला फेलओव्हर म्हणतात. इथवर छान आहे. पण विंडोज सर्व्हरच्या नेहमीच्या फेलओव्हर क्लस्टरमध्ये दोन्ही नोडना एकच सामायिक डिस्क जोडलेली असते. म्हणजे नोड दोन, डेटाची प्रत एक. तिजोरी एक आणि तिला दारं दोन. एक दार अडकलं तर दुसऱ्यानं आत जाल. पण आतलं पाकीटच कुणी काढून टाकलं, तर कुठल्याही दारातून पाहा, रिकामंच दिसणार. क्लस्टर ‘सर्व्हर चालू आहे का’ या प्रश्नाचं उत्तर आहे. ‘माझी फाइल परत मिळेल का’ हा वेगळा प्रश्न आहे, आणि आपलं वाक्य हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळून टाकतं.

दुसरा शब्द, ‘बॅकअप’. व्हीएमचा बॅकअप साधारण असा होतो : हायपरव्हायझर, म्हणजे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर, स्नॅपशॉट घेतं. मूळ डिस्क त्या क्षणाला गोठते, नवीन लिखाण वेगळ्या फाइलीत जातं, तेवढ्या वेळात बॅकअपचं सॉफ्टवेअर गोठलेली डिस्क उतरवून घेतं, आणि मग दोन्ही पुन्हा एकत्र होतात. एकट्या व्हीएमसाठी ही पद्धत सुंदर आहे. मात्र जी डिस्क दोन व्हीएमच्या सामायिक मालकीची आहे, ती एकीच्या बाजूनं गोठवायची कशी? इथेच घोळ होतो. व्हीएमवेअरमध्ये फिजिकल मोडमध्ये जोडलेली आरडीएम डिस्क स्नॅपशॉटमध्ये येतच नाही. हायपर-व्हीमध्ये विंडोज सर्व्हर २०१२ आर२ च्या शेअर्ड व्हीएचडीएक्सचा बॅकअप यजमान यंत्रावरून घेता येत नव्हता. ती सोय २०१६ च्या आवृत्तीत व्हीएचडी सेटबरोबर आली. परिणाम काय, तर व्हीएमचा बॅकअप होतो, ऑपरेटिंग सिस्टीम जपली जाते आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला ती डेटाची डिस्क बाहेरच राहू शकते.

यावर मार्ग आहे. बॅकअपचा एजंट व्हीएमच्या आत, दोन्ही नोडवर बसवायचा आणि काम एखाद्या नोडच्या नावानं न लावता क्लस्टरच्या नावानं लावायचं. म्हणजे डिस्क ज्या नोडकडे जाईल, तिथे बॅकअपही मागोमाग जाईल. यातली दुसरी अट आमच्याकडे पाळली गेली नव्हती. पावसाळ्यात एकदा वीज गेली, फेलओव्हर झाला, डिस्क दुसऱ्या नोडकडे गेली आणि तिथेच राहिली. बॅकअप मात्र रोज रात्री पहिल्या नोडवर इमानेइतबारे चालत होता. जे तिथे होतं ते उतरवत होता आणि सकाळी हिरवी खूण दाखवत होता. एकोणीस दिवस. मी माझ्या कॅलिब्रेशनच्या फोल्डरवर चुकून जुनं फोल्डर चढवलं, तेव्हा हे उघड झालं. परत मिळाली ती एकोणीस दिवसांपूर्वीची प्रत. त्या दिवसांतली मापनं मी पुन्हा घेतली. नमुने शिल्लक होते म्हणून घेता आली. यात कुणा एकाला दोष देण्यात अर्थ नाही. गंमत एवढीच की त्या एकोणीस दिवसांतही माझ्या प्रस्तावातलं ते वाक्य अक्षरशः खरं होतं. बॅकअप नियमित घेतला जात होता!

आता तिसरा भाग, ‘घेतला जातो’. कोण घेतं? आणि झालं हे कशावरून कळतं? मराठीतला हा कर्मणी प्रयोग फार सोयीचा आहे, कर्ता आपोआप गायब होतो. हिरवी खूण मोजते ती काम संपलं की नाही एवढंच. आपल्याला मोजायचं असतं फाइल परत येते की नाही. प्रयोगशाळेत आपण अशा चुकीला लगेच पकडतो : कॅलिब्रेट न केलेल्या उपकरणाचं रीडिंग कुणी पेपरमध्ये दिलं तर आपणच तुटून पडतो. मग इथे का नाही?

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली. त्यांच्याकडे बॅकअपचे एकाहून अनेक मार्ग होते, पण ऐन वेळी नेहमीचे मार्ग कामाला आले नाहीत. डेटाबेसचा रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यानं आधीपासूनच फसत होता आणि तसं कळवणारे ईमेल पोचतच नव्हते. वाचवलं ते एका स्नॅपशॉटनं, जो सुमारे सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी हातानं घेतलेला होता. डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर तर बॅकअपच्या स्क्रिप्टनंच सुमारे ७७ टेराबाइट, म्हणजे साधारण ३.४ कोटी फाइली पुसल्या. स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यावर नवी आवृत्ती चढवली गेली आणि जुने लॉग पुसणारी आज्ञा संशोधकांच्या फाइलींवर चालली. १४ गटांना फटका बसला, त्यातल्या चार गटांचा डेटा परत मिळाला नाही. दोन्ही संस्थांनी झालेली चूक उघडपणे मांडली, म्हणून आज आपण त्यातून शिकू शकतो. पण घटनेच्या आदल्या दिवशी तिथल्या संशोधकालाही आपलं ते वाक्य बिनदिक्कत लिहिता आलं असतं.

वाक्यात एक गोष्ट तर नाहीच : ‘कुठे’. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, माणसं गेली, फाइलींचे गठ्ठे जळाले. ‘आदर्श’च्या फाइलींचं काय, असा पहिला प्रश्न आला, ती कागदपत्रं आधीच सीबीआयकडे गेलेली होती, म्हणून वाचली. वसई-विरारकरांना हे वेगळं सांगायला नको. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी होतं आणि कितीतरी भागांत वीज नव्हती. लॅपटॉप आणि हार्ड डिस्क एकाच सॅकमध्ये घालून विरार लोकलमध्ये चढणारे आपण! त्या दोन प्रती नव्हेत. सॅक एक, तर प्रतही एकच धरा.

वाक्याच्या बाजूनंही बोलायला हवं. प्रस्तावात जागा कमी असते. सर्व्हर आपल्या हातात नसतो, तो सांभाळणारा माणूस बहुधा एकटाच असतो आणि त्याच्या मागे शंभर कामं असतात. अख्खा सर्व्हर परत उभा करून बघा, असं त्याला सांगणं अन्यायाचं आहे. पण सॅम्पलिंग तर आपल्याला येतं ना? महिन्यातून एकदा यदृच्छेनं पाच फाइली निवडा, त्यांचे चेकसम आधी लिहून ठेवा, त्या बॅकअपमधून वेगळ्या फोल्डरमध्ये परत मागवा आणि चेकसम जुळतात का बघा. फार तर अर्ध्या तासाचं काम आहे. सोबत नम्रपणे तीन प्रश्न विचारा : सामायिक डिस्क बॅकअपमध्ये आहे का? फेलओव्हरनंतरही ती राहते का? एखादी प्रत दुसऱ्या इमारतीत आहे का?

उत्तरं मिळाली की ते वाक्य असं लिहा : ‘डेटा दोन नोडच्या फाइल सर्व्हरवर आहे. सामायिक डिस्कचा बॅकअप क्लस्टरच्या नावानं रोज रात्री होतो, एक प्रत दुसऱ्या इमारतीत राहते आणि दर महिन्याला पाच फाइली परत आणून मी स्वतः पडताळते.’ जागा थोडी जास्त लागते. पण यात कर्ता आहे, ठिकाण आहे आणि खोटं ठरू शकेल असा दावा आहे. संशोधनातल्या वाक्याकडून आपण एवढी अपेक्षा ठेवतोच की.

यातलं एखादं कलम तुम्हाला लिहिता येत नसेल, तर ते गाळून टाकू नका. आधी जाऊन विचारा. मी विचारलं, ते एकोणीस दिवसांनंतर.