खानसाहेबांचे पुढे काय झाले?

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. घरात दखनी, वर्गात उर्दू, बाजारात आणि कचेरीत मराठी. नांदेड-लातूर भागातल्या बहुतेक मुस्लिम घरांचा दिवस असाच तीन भाषांतून जातो. आमचे वाचनही त्याच वाटेने आले. शाळकरी वयात मामूंच्या पेटीतल्या, कोपरे दुमडलेल्या इब्ने सफींच्या कादंबऱ्या वाचल्या. बी.एड.च्या काळात जयंत नारळीकर हाती लागले. एकीकडे इम्रान आणि 'झिरोलँड'ची अजब यंत्रे, दुसरीकडे कृष्णविवरे आणि यंत्रमानव. दोघांनीही आम्हाला उद्याच्या जगाची गोडी लावली.

गेल्या उन्हाळी सुट्टीत लातूरला गंजगोलाईजवळ एका शिक्षकमित्राकडे आम्ही चहाला जमलो होतो. त्यांच्या मुलाने नुकताच 'रेडी प्लेअर वन' हा स्पीलबर्ग यांचा २०१८ सालचा चित्रपट पाहिला होता. तो अर्नेस्ट क्लाइन यांच्या २०११ च्या कादंबरीवर बेतलेला आहे. काळ २०४५ च्या आसपासचा. जग दारिद्र्याने गांजलेले, आणि माणसे संगणकाने उभ्या केलेल्या आभासी दुनियेत रमलेली. ती दुनिया निर्माण करणारा धनिक मरताना एक कोडे मागे ठेवतो. ते सोडवायचे तर त्याच्या तरुणपणीचे, म्हणजे १९८० च्या दशकातले चित्रपट, गाणी आणि व्हिडिओ गेम तोंडपाठ हवेत. या कादंबरीने वाचकांत दोन तट पाडले. एक तट म्हणतो, बालपण परत मिळाले. दुसरा म्हणतो, ही कादंबरी कसली, ही तर नावांची यादी!

चहा राहिला बाजूला आणि आमच्यातही तेच दोन तट पडले.

नांदेडचे आमचे एक सहकारी तावातावाने म्हणाले, "विज्ञानकादंबरी उद्याची असते. तिच्यात कालची गाणी आणि कालचे किस्से कशाला? आणि आणायचेच तर कुणाच्या कालचे? मराठी विज्ञानकथांची नावे पाहा. यक्ष, वामन, भस्मासुर! आमच्या पोरांना आधी पुराण समजावू की पदार्थविज्ञान?"

लातूरच्या एक बाजी मराठी शिकवतात. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, भस्मासुर तुम्हाला खरोखर परका आहे का? आपण याच मातीतल्या खेड्यांत वाढलो. कीर्तनाचा आवाज आपल्याही अंगणात येत होता. आणि आपल्या दास्तानांत कोह-ए-काफ, देव-परी, अमर अय्यार येतात, तेव्हा मराठी वाचकाने काय करायचे? तोही कुणाला तरी विचारेलच ना?"

दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. पण आम्हाला वाटते, जुनी आठवण असावी की नसावी हा प्रश्नच नाही. ती आठवण कथेत कोणते काम करते, हा खरा प्रश्न आहे. काही आठवणी दारावरच्या पहारेकऱ्यासारख्या असतात. ओळख पटली तर आत या, नाही तर बाहेर थांबा. काही आठवणी मात्र स्वतःच दार होतात. ज्याच्याकडे ती आठवण नाही, त्यालाही त्या आत घेतात.

इब्ने सफींचेच पाहा. त्यांची 'जासूसी दुनिया' १९५२ मध्ये अलाहाबादहून सुरू झाली आणि १९५५ पासून इम्रान मालिका आली. त्या कादंबऱ्यांतले नाइट क्लब आणि बड्या हॉटेलांतले डान्स फ्लोअर देगलूर नाक्यावरच्या पोराने कुठे पाहिले होते? तरी तो अडला नाही. इम्रानचे च्युइंगम आणि सुलेमान खानसाम्याबरोबरची नोकझोक त्याला माणूस समजावून देत होती. लेखक त्याची परीक्षा घेत नव्हता. आज आम्ही त्याच ओळी वाचून हळवे होतो तो हळवेपणा आमचा आहे, इब्ने सफींचा नव्हे. वाचकाचा गतकाळ आणि लेखकाने वापरलेला गतकाळ यांत गल्लत करू नये.

आता नारळीकरांकडे येऊ. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि पहिले बक्षीस मिळवले. स्वतःच्या नावाच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी ते नाव घेतले होते. नावाच्या ओळखीवर बक्षीस नको, कथेच्या बळावर हवे, ही त्यामागची वृत्ती. आमची कसोटीही तीच आहे: ओळखीवर नको, कामावर हवे. 'वामन परत न आला' या त्यांच्या कादंबरीतील वामन या कसोटीला उतरतो. पुराणातला बटू तीन पावले जमीन मागतो आणि सारे व्यापून टाकतो. लहान दिसणारे यंत्र उद्या माणसाचे सर्वस्व व्यापील काय, ही भीती त्या एका नावात सामावली आहे. बळीराजाची गोष्ट ठाऊक नसलेल्या विद्यार्थ्याला ती दोन मिनिटांत सांगता येते, आणि सांगितल्यावर कादंबरी अधिक कळते. शिक्षकाला याहून काय हवे?

परंतु खरी परीक्षा आहे ती 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेची. ती कथा असली तरी या वादात तिला टाळून चालणार नाही, कारण मराठी माणसाची सर्वांत दुखरी आठवणच तिने विज्ञानकथेत आणली आहे. १४ जानेवारी १७६१ चा तो दिवस मराठी भाषेच्या हाडांत शिरला आहे. कुणाचा पार बोजवारा उडाला की आपण सहज म्हणतो, "त्याचे पानिपत झाले." नारळीकरांनी विचारले की, विश्वासरावांना लागलेली गोळी त्यांना चाटून गेली असती तर? इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशाच एका समांतर जगात जाऊन पडतात. तिथे मराठे जिंकले आहेत, ईस्ट इंडिया कंपनी अजून टिकून आहे आणि मुंबईत इंग्रजांचा अंमल आहे.

आम्ही ही कथा प्रथम वाचली ती एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' या पुस्तकातील इंग्रजी पाठात. वाचताना मनात धास्ती होती. पानिपत म्हटले की पुढे काय येणार याचा अंदाज आमच्यासारख्या वाचकाला सवयीने असतो. पण लेखकाने तो अंदाज चुकवला. विजयाच्या त्या जगात दिल्लीचा मोगल बादशहा नामधारी का होईना, टिकून आहे. गंगाधरपंतांना तिथे हारतुरे मिळत नाहीत. आझाद मैदानावरच्या सभेत ते अध्यक्षाच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसतात, भाषण ठोकू लागतात आणि लोक त्यांना पळवून लावतात. ज्या सोनेरी भूतकाळाची आपण आस धरतो, त्याला आपली गरज नसते. स्मरणरंजनाला याहून सौम्य आणि याहून सणसणीत चपराक आम्ही मराठीत वाचलेली नाही.

त्याच पाठात रेल्वेच्या डब्यात एक खानसाहेब भेटतात. ते मुंबईहून फ्रंटियर मेल पकडून दिल्ली, लाहोरमार्गे पेशावरला निघाले आहेत. प्रवास लांबचा, एवढीच त्यांची तक्रार. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, सरहद्दीवर झडती नाही. १९४७ ची फाळणी कुठलेही भाषण न करता लेखकाने रेल्वेच्या वेळापत्रकात पुसून टाकली आहे! फ्रंटियर मेल हे जुने नाव ज्याने कधी ऐकलेले नाही, त्यालाही ही ओळ भिडते. आठवण दार होते म्हणजे काय, हे इथे कळते.

मात्र आमची तक्रारही इथेच आहे. खानसाहेब आपल्या व्यापाराविषयी पुष्कळ बोलले, गंगाधरपंतांनी आवडीने ऐकले, असे लेखक सांगतो. ते काय बोलले, हे मात्र वाचकाला ऐकू येत नाही. त्या जगात खानसाहेब कशाने सुखी होते? त्यांच्या मनात पानिपत कोणत्या रंगाचे होते? आणि त्या पाठात इब्राहिमखान गारदीही आम्हाला भेटत नाहीत. निजामाची चाकरी सोडून पेशव्यांकडे आलेला हा तोफखान्याचा सरदार. फेब्रुवारी १७६० मध्ये आपल्या लातूर जिल्ह्यातल्या उदगीरच्या लढाईत सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवले, तेव्हा त्याच्या तोफा मराठ्यांच्या बाजूने होत्या. पुढे पानिपतावर तो मराठ्यांसाठी लढला, पकडला गेला आणि मारला गेला. पानिपत ही त्याचीही आठवण आहे. 'जर-तर'च्या जगात विश्वासराव जगतात, तर इब्राहिमखानही जगला असेल. त्याची पोरेबाळे आज कुठे असतील, काय करीत असतील? ही कथा अजून कुणी लिहिलेली नाही, आणि हा दोष एकट्या नारळीकरांच्या माथी मारता येणार नाही.

कारण आम्ही स्वतः काय केले? आमच्याकडेही माजीपरस्ती काही कमी नाही. निजामाचा जमाना, तेव्हाची उर्दू, तेव्हाचे शिष्टाचार यांवर तासन्‌तास बोलणारे बुजुर्ग आम्ही ऐकले आहेत. त्याच जमान्यात रयतेने काय सोसले आणि रझाकारांनी काय केले, ते सांगताना आवाज खाली येतो. सप्टेंबर १९४८ नंतर याच पट्ट्यातल्या गावांत मुसलमानांवर जे गुदरले, ते सांगताना तर आवाजच फुटत नाही. अभिमान मोठ्याने, दुःख हळू आणि चूक अजिबात नाही, अशी निवडक आठवण घेऊन उद्याची कादंबरी लिहिता येत नाही. उर्दूत इंतिज़ार हुसैन यांच्यावर माजीपरस्तीचा आरोप झाला. पण त्यांनी हरवलेल्या वस्तीविषयी लिहिताना स्वतःलाही सोडले नाही. स्मरण आणि स्मरणरंजन यांतला फरक तो हाच.

लिहायला विषय आहेत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन 'जलदूत' रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. आमच्या मुलांना ती आठवते. उद्या कुणी २०६० सालच्या लातूरवर कादंबरी लिहील आणि तिच्यात 'जलदूत'चे नुसते नाव टाकील, तर लातूरकर ओळखीने मान डोलावतील, बाकीचे पान उलटतील. पण त्याच रांगेत घागर घेऊन उभी राहिलेली एखादी अम्मी आणि तिच्या मागे उभी असलेली शेजारची काकू यांचे बोलणे त्या कादंबरीत ऐकू आले, तर ती कोकणातल्या वाचकालाही आपली वाटेल.

सुट्टीनंतर आम्ही वर्गात गंगाधरपंतांची गोष्ट उर्दूतून सांगितली. समांतर विश्वे मुलांना चटकन पटली. मोबाइलवर वाढलेल्या पिढीला त्यात नवल नाही. तास संपता संपता मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, वो खानसाब का आगे क्या हुआ?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही त्याला म्हणालो, "बेटा, वो तू लिख." नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांनी खानसाहेबांना गाडीत बसवून दिले. गाडी पेशावरला पोहोचवण्याचे काम आता त्या मागच्या बाकावरच्या मुलाचे आहे, आणि त्याला मराठी व उर्दू दोन्ही पुस्तके मिळवून देण्याचे काम आमचे.