‘रक्त पातळ करणारे औषध’ : एका शब्दप्रयोगाची चिकित्सा

हृदयविकाराच्या तीव्र झटक्यात दिल्या जाणाऱ्या काही औषधांना मराठीत सर्रास ‘रक्त पातळ करणारी औषधे’ म्हटले जाते. देवळा तालुक्यातील शेतकरी कुटुंबही याच शब्दांत बोलते. अहिराणी वळणाने ‘पातळ’चा ‘पातय’ होईल, इतकेच. हा प्रयोग इंग्रजीवरून जसाच्या तसा उचललेला असून वस्तुस्थितीशी विसंगत आहे. डाळीत पाणी घातले की ती पातळ होते. हेपारिनाने रक्तातील पाणी वाढत नाही. ते अँटिथ्रॉम्बिन या प्रथिनाचे कार्य वाढवून गुठळी बनण्याचा क्रम अडवते. ॲस्पिरिन रक्तातील प्लेटलेट पेशींना एकमेकींस चिकटू देत नाही. रक्त ‘पातळ’ झाले म्हणजे अंगातील बळ गेले, अशा समजुतीने गोळी परस्पर बंद होण्याचा धोका या रूपकातच दडलेला आहे. ‘क्लथनरोधक’ ही शास्त्रीय संज्ञा निर्दोष खरी, पण ती ग्रंथाबाहेर पडली नाही. मुका मार लागला की रक्त साकळते, हे मात्र कोणासही सांगावे लागत नाही. ‘रक्त साकळू न देणारे औषध’ हा प्रयोग लांबट असला तरी खरा आहे.

याहून गंभीर घोटाळा ‘रिव्हर्सिबल’ या विशेषणाचा होय. रसायनशास्त्रातील ‘व्युत्क्रमी’ येथे आणून भागत नाही. कारण इंग्रजी शब्दाखाली दोन भिन्न अर्थ नांदतात. हेपारिनाला उतारा आहे : ऋणभारित हेपारिनाशी धनभारित प्रोटामिन जखडले जाते आणि काही मिनिटांत त्याचा प्रभाव नाहीसा होतो. टिकाग्रेलोर मात्र प्लेटलेटवरील आपली पकड स्वतःच सोडते. उतारा नव्हे, ओसरणे. त्यास काही दिवस लागतात. शिरेतून दिलेले कँग्रेलोर बंद केल्यावर सुमारे तासाभरात ओसरते. ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल यांची पकड तर प्लेटलेटच्या आयुष्यभर, म्हणजे सुमारे ७ ते १० दिवस, सुटत नाही. ‘उतारा’ आणि ‘ओसरणे’ हे दोन्ही शब्द मराठीत घरचे असताना परिभाषाकारांनी एकाच संस्कृत प्रत्ययान्ताचा हट्ट का धरावा?

हा काथ्याकूट केवळ कोशापुरता नाही. देवळ्याहून नाशिकला हलविलेल्या रुग्णावर तातडीची शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली, तर शल्यविशारदास दोनच गोष्टी हव्या असतात : औषध कोणते, आणि शेवटची मात्रा केव्हा घेतली. ‘पातळ करायची गोळी चालू आहे’ या नातेवाइकाच्या उत्तरात त्यांपैकी एकही नसते.