इतिहासाला न परवडलेला कोट

कॅरोलिन स्टीडमन यांचे 'लँडस्केप फॉर अ गुड वुमन' (१९८६) आत्मचरित्र म्हणून वाचले जाते. मला ते कामगारवर्गाच्या इतिहासलेखनावरचा आक्षेप वाटते. रिचर्ड हॉगार्ट यांच्या 'द यूजेस ऑफ लिटरसी'ने (१९५७) कामगार घरातली आई कष्टाळू, सोशिक, घर सावरणारी अशी रंगवली. स्टीडमन यांची आई लँकशायरमधल्या बर्नलीहून लंडनला आलेली. तिला महायुद्धानंतरच्या 'न्यू लुक' फॅशनचा घेरदार कोट हवा होता, आणि मत ती हुजूर पक्षाला देई. तिचा हेवा ही स्वभावातली खोट नाही. काय नाकारले गेले याची ती राजकीय जाणीव आहे, असे स्टीडमन मांडतात. त्यागी आयांच्या गोष्टी वाचत वाढलेल्या मला हे पहिल्या वाचनात खटकले होते, हे कबूल केले पाहिजे.

या दृष्टीची मुळे त्यांच्या शिक्षकी पेशात आहेत. प्राथमिक शाळेतल्या आठ वर्षांच्या तीन मुलींनी मिळून लिहिलेल्या एका गोष्टीवर 'द टायडी हाउस' (१९८२) उभे आहे. लग्न, बाळंतपण, घर या गोष्टी आपल्या वाट्याला येणार, हे त्या मुलींना आधीच ठाऊक आहे.

पुढे वॉरिक विद्यापीठात असताना त्या घरनोकरांकडे वळल्या. 'मास्टर अँड सर्व्हंट'मधली (२००७) फीबी बीटसन ही यॉर्कशायरमधल्या जॉन मर्गट्रॉइड या वृद्ध पाद्र्याची मोलकरीण. ती लग्नाविना गरोदर राहिली. मुलाच्या बापाने लग्न नाकारले. पाद्र्याने मात्र तिला आणि तिच्या मुलीला घरातच ठेवून घेतले. ई. पी. थॉम्पसन यांच्या कामगारवर्गाच्या इतिहासात अशा मोलकरणींना फारशी जागा नव्हती, हे त्या 'लेबर्स लॉस्ट'मध्येही (२००९) सांगतात.

माझी अडचण इथे सुरू होते. आईला काय हवे होते, हे मुलीला आठवत होते. फीबीचे स्वतःचे लिखाण नाही. ती आपल्याला भेटते ती मुख्यतः धन्याच्या रोजनिशीतून. त्यामुळे पुस्तकात पाद्र्याची श्रद्धा आणि माया उलगडते, फीबीची इच्छा मात्र बंदच राहते. स्वतः उभा केलेला प्रश्न स्टीडमन यांना इथे सोडवता आलेला नाही. तरीही कल्पनेने तिच्या तोंडी शब्द घालण्याचा सोपा मार्ग त्या घेत नाहीत. म्हणून मला हे अपुरे पुस्तक आईवरच्या गाजलेल्या पुस्तकाहून अधिक प्रामाणिक वाटते.