रादेगास्त : नाम, मूर्ती आणि जीर्णोद्धार

चेक प्रजासत्ताकाच्या पूर्व भागात, मोरावियातील बेस्किदी पर्वतरांगेत, रादहोश्त नावाचे १,१२९ मीटर उंचीचे शिखर आहे. पुस्तेव्नीच्या खिंडीतून या शिखराकडे जाणाऱ्या धारेवर रादेगास्त या स्लाव देवतेची पाषाणमूर्ती उभी आहे. सिंहासारखे उग्र मुख, हाती समृद्धिशृंग आणि परशू असे तिचे रूप आहे. येथे प्राचीन काळी या देवतेचे पूजास्थान होते व धर्मप्रचारक सिरिल आणि मेथोदियस यांनी तेथील मूर्ती उलथून टाकली, अशी लोकश्रुती आहे. श्रुती, नाम आणि मूर्ती यांचा एकमेकांस आधार असल्यासारखे प्रथमदर्शनी वाटते. तो आधार कितपत टिकतो, हे तपासल्याखेरीज या मूर्तीच्या पुनर्निर्माणाचे मूल्यमापन करता येणार नाही.

प्रथम नामाचा विचार करू. मेर्सेबुर्गचा बिशप थीटमार (मृत्यू १०१८) याने आपल्या इतिवृत्तात एल्ब व ओडर या नद्यांच्या दरम्यान राहणाऱ्या रेदारी जमातीच्या एका नगराचे वर्णन केले आहे. त्याच्या मते ‘रीदेगोस्त’ हे त्या नगराचे नाव. तेथील प्रमुख देवतेचे नाव मात्र ‘स्वारोझित्स’. सुमारे अर्धशतकानंतर ब्रेमेनच्या आडामने तोच विषय हाताळला, तेव्हा नगर ‘रेथ्रा’ झाले आणि ‘रेदिगास्त’ हे देवतेचे नाव झाले. स्थलनामाचे देवतानाम होण्यात लेखकाचा गैरसमज कारणीभूत असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ते देवतेचेच दुसरे नाव असावे, असे मानणारेही आहेत. वाद मिटलेला नाही. परंतु जुना साक्षीदार नगराच्या बाजूने बोलतो, ही गोष्ट दुर्लक्षिता येत नाही.

भाषाशास्त्रीय पुरावाही याच दिशेने नेतो. ‘रादोगोस्त’ हा स्लाव व्यक्तिनामांच्या परिचित घडणीचा सामासिक शब्द होय. त्याचे उत्तरपद ‘गोस्त’ म्हणजे अतिथी. या नामास स्वामित्वदर्शक प्रत्यय लागून ‘रादोगोस्ताचे’ या अर्थाचे स्थलनाम सिद्ध होते. पोलंडमधील ‘रादोगोश्च’ हे त्याच घडणीचे आहे. चेक भाषेत मूळ ‘ग’चा ‘ह’ झाला, ‘श्च’चा ‘श्त’ झाला, आणि ‘रादहोश्त’ हे रूप नियमानुसार आले. म्हणजे पर्वताचे नाव मुळात कोणा रादहोस्त नामक पुरुषाचे स्मरण असणे पूर्णतः संभवनीय आहे. त्यासाठी देवतेची आवश्यकता नाही. उलट मूर्तीचे ‘रादेगास्त’ हे नाव चेक ध्वनिपरिवर्तनातून गेलेलेच नाही. त्यातील ‘ग’ आणि ‘आ’ जर्मन भूमीतील लॅटिन ग्रंथांतून आले आहेत. पर्वत लोकांच्या मुखातून नाव घेतो, मूर्ती ग्रंथातून. दोहोंचे मूळ एक असले तरी मार्ग भिन्न आहेत.

मूर्तीचा इतिहास त्याहून अर्वाचीन आहे. तिचा कर्ता आल्बिन पोलाशेक (१८७९–१९६५) पायथ्याच्या फ्रेनश्टाट गावी जन्मला, व्हिएन्नात काष्ठकोरणी शिकला आणि १९०१ मध्ये अमेरिकेस गेला. पुढे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये तो शिल्पकलेचा अध्यापक झाला. त्याचा रादेगास्त १९३१ मध्ये धारेवर बसविण्यात आला. शिखरावरील चॅपेलजवळ उभे असलेले सिरिल व मेथोदियस यांचे शिल्पही त्याचेच. देव आणि त्याचे उच्छेदक एकाच हाताने घडविले, हा योगायोग नव्हे. दूरदेशी गेलेल्या शिल्पकाराने येथे पूर्वजांच्या धर्माचे नव्हे, तर लहानपणी ऐकलेल्या संपूर्ण कथेचे स्मारक उभारले आहे.

मूळ मूर्ती कृत्रिम शिलेची, म्हणजे सिमेंट व दगडाचा चुरा यांच्या ओतीव मिश्रणाची होती. अशा सच्छिद्र द्रव्यात पाणी मुरते, गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि पृष्ठभाग आतून फोडते. पर्वतावरील हिवाळ्यांनी मूर्ती जर्जर झाली. अखेर मूळ मूर्ती फ्रेनश्टाटच्या नगरभवनात हलविण्यात आली आणि १९९८ मध्ये धारेवर ग्रॅनाइटची प्रतिकृती उभी राहिली.

या कृतीस जीर्णोद्धार म्हणावे काय? आपल्या परंपरेत देवमूर्ती भंगली तर नवी मूर्ती घडवून तिची प्रतिष्ठा करतात. देवत्व नव्या मूर्तीत येते, जुनीचे विसर्जन होते. कलाकृतीचा न्याय उलटा आहे. तेथे शिल्पकाराच्या हाताचा स्पर्श हेच सत्त्व, म्हणून जीर्ण झालेले मूळही जपावे लागते. रादहोश्तवर दोन्ही न्याय एकत्र लागू झाले : कलाकृती म्हणून मूळ मूर्ती छपराखाली गेली, आणि देवाची जागा रिकामी राहू नये तशी नवी मूर्ती धारेवर आली. ज्या मूर्तीची कधी पूजार्थ प्रतिष्ठा झाली नाही, तिला अशा रीतीने स्थानमाहात्म्य प्राप्त झाले.

पुस्तेव्नी येथील दुसरे उदाहरण तुलनेस उपयुक्त आहे. वास्तुकार दुशान युर्कोविच याची ‘लिबुशीन’ ही काष्ठवास्तू २०१४ मध्ये आगीत सापडली आणि पुनर्बांधणीनंतर २०२० मध्ये पुन्हा खुली झाली. तेथे लाकूड नवे असले तरी द्रव्याची जात तीच राहिली. रादेगास्ताच्या बाबतीत आकार राहिला, द्रव्य बदलले. ओतीव द्रव्याची मृदू कड आणि छिन्नीने काढलेली ग्रॅनाइटची कड सारख्या नसतात. ही हानी मान्य केली पाहिजे.

तरीही १९९८ चा निर्णय योग्य ठरतो. मूळ नष्ट झाले नाही, ते तुलनेसाठी उपलब्ध आहे; आणि ज्या स्थळासाठी कृती कल्पिली होती ते स्थळ ओस पडले नाही. आक्षेपार्ह ठरेल ती प्रतिकृती नव्हे, तर ग्रॅनाइटच्या टिकाऊपणाला प्राचीनतेचा पुरावा समजण्याची वृत्ती. स्थलनामापासून देवता, देवतेपासून लोककथा, कथेपासून ओतीव मूर्ती आणि तिच्यापासून पाषाणमूर्ती, अशी ही परंपरा आहे. तिच्यात प्रत्येक पुढचा दुवा मागच्याहून अधिक घन आहे. अधिक जुना एकही नाही.